सोबत कोण आहे?

११ जानेवारी

ठमे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू हे न उघडताच कुठेतरी टाकून देशील, म्हणून पत्ता मिशीवाल्यांकडून लिहून घेतला. मिशीवाले म्हणजे आमच्या एक्स-रे विभागातले माझे जोडीदार. लहानपणी दवाखान्यात आलीस की त्यांच्या मिशीला घाबरून तू टेबलाखाली लपायचीस. आता ती मिशी पांढरी झाली आहे आणि तिला कोणी विचारत नाही. त्यांचं अक्षर इतकं गचाळ आहे की पत्र तुझ्यापर्यंत पोचलं असेल तर पोस्टमनला चहा पाज.

फोनवर तू मला बंद करून टाकलं आहेस. जावईबापूंना फोन केला की ते खालच्या आवाजात "ती झोपली आहे" म्हणतात. सकाळी दहालाही तू झोपलेली आणि संध्याकाळी सहालाही झोपलेली. त्या बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही, त्याला उगाच या कामाला जुंपू नकोस. पत्राचं एक बरं असतं. फाडायचं म्हटलं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं.

तू शेवटचं जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही. दुसऱ्यांदाही मूल राहिलं नाही, मी तुझ्या उशाशी बसले होते, आणि तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "मुलीची अंडी ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. मी वाचलंय सगळं. तू मला पोटात घेऊन त्या खोलीत उभी होतीस, आई. माझं जे बिघडलंय ते तेव्हाच बिघडलंय." मी तोंड उघडणार तोच तू नर्सला हाक मारलीस आणि सांगितलंस, यांना बाहेर न्या. आईला नव्हे, 'यांना'. नर्सनेही मला अगदी अदबीने बाहेर नेलं.

तिथे बोलू दिलं नाहीस, तर आता कागदावर ऐक. मला दिवस गेले असावेत अशी शंका आली त्याच दिवशी मी आमच्या थोरल्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं. तुझ्या बाबांना सांगायच्या आधी. हे कळल्यावर बाबा आठवडाभर फुगून बसले होते, "म्हणजे मी बाप होणार हे त्या डॉक्टरला माझ्याआधी कळलं!" थोरल्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या मला मशीनवरून काढलं आणि बाहेर नोंदणीच्या टेबलावर बसवलं. तू होईपर्यंत मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. दारावरचा लाल दिवा लागायचा आणि विझायचा, तो मी बाहेरून बघायची.

आता पुरावा माग. माझ्याकडे नाही. थोरले डॉक्टर गेले, तुझे बाबा गेले, जुनी इमारत पाडली तेव्हा तिथल्या कपाटांचं काय झालं ते देव जाणे. सांगायला मी एकटी उरले आहे.

पूर्वी तुला माझं सांगणं पुरायचं. इंजेक्शनच्या वेळी बाकीच्या आया पोरांना 'काही दुखत नाही, मुंगी चावते' म्हणायच्या. तू मला विचारायचीस, "आई, दुखेल?" मी म्हणायची, "हो, थोडं दुखेल, मग थांबेल." आणि तू हात पुढे करायचीस. डॉक्टर चकित व्हायचे. मला त्याचा केवढा तोरा होता, तुला सांगता येणार नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहिणार आहे. हट्ट तू कोणाचा घेतलास ते तुला माहीत आहे.

तुझी आई


६ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर आलं नाही. तरी रोज खाली उतरून पत्रपेटी उघडते. शेजारच्या काकूंना वाटतंय की माझं काहीतरी कोर्टाचं काम अडकलंय, आणि त्या माझ्याकडे फार दयेने बघायला लागल्या आहेत.

घर आहे तसंच आहे. संध्याकाळी रेडिओ लावते. बातम्या देणाऱ्या बाई बोलतात आणि मी मध्ये मध्ये फाटे फोडते, त्या काही मनावर घेत नाहीत. एकटीसाठी काय रांधायचं म्हणून दोन दिवसांचं एकदम करून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तेच समोर आलं की स्वतःवरच डाफरते. कधीकधी शनिवारी दुपारी घरी आल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघालेला नसतो. सोमवारी पहिल्या पेशंटला "श्वास घ्या, रोखून धरा" म्हणताना आवाज फाटतो.

कामाचंच सांगते. तुला ते आवडत नाही, पण माझ्याकडे दुसरं आहे काय?

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी विचारतो, "सोबत कोण आहे?" तान्हं मूल असेल, हाड मोडलेलं म्हातारं माणूस असेल, तर फोटो काढताना कोणीतरी धरावं लागतं. नाहीतर ते हलतात, फोटो बिघडतो, परत काढावा लागतो आणि किरणं अंगावर दुप्पट पडतात. धरायचं ते सोबतच्या माणसाने, शिशाचा जड एप्रन घालून. आम्ही धरायचं नाही, आम्ही पडद्याआड उभं राहून स्विच दाबायचा. सोबतचा माणूस आयुष्यात एखाद्या वेळी धरणार. आम्ही रोज धरत बसलो तर थेंब थेंब करत आमच्या अंगात किती जाईल? नियम साधा आहे. नव्याने येणाऱ्यांना तो मीच शिकवते, आणि कोणी आगाऊपणा केला तर झापतेही.

परवा एक बाई पोराला कडेवर घेऊन धावत आली. पोर जेमतेम दीड वर्षाचं, घड्याळातला चपटा सेल गिळलेला. सेल घशात अडकला तर आतून जाळतो, तिथे थांबायला वेळ नसतो. मी सवयीने तिला विचारलं, "दिवस गेलेत का?" तिने मान हलवली, चौथा महिना.

"मग तुम्ही आत यायचं नाही."

"अहो, मग याला धरणार कोण? याचे बाबा परगावी असतात."

पोर असं किंचाळत होतं की तिचं बोलणं मला ओठांवरून ओळखावं लागलं. मग मी काय ते बघितलं. मिशीवाल्यांनी स्विच दाबला. सेल नेमका अन्ननलिकेत अडकलेला दिसला, पोराला वरच्या मजल्यावर पळवलं, डॉक्टरांनी तो काढला. दुसऱ्या दिवशी ते पोर खाटेवर बसून नर्सची टोपी ओढत होतं.

मी दार उघडलं तेव्हा ती बाई दाराला चिकटून उभी होती, दोन्ही हात पोटावर. तिने पोर घेतलं आणि माझं मनगट धरलं ते सोडेचना. घरी जाईपर्यंत ते मला जाणवत होतं. तू कशी आहेस?

तुझी आई


३ मार्च

ठमे,

थोडक्यात लिहिते. मशीन दुरुस्तीला काढलं आहे, त्यामुळे मला सध्या सक्तीची सुट्टी आहे. घरातल्या सगळ्या बरण्या घासून झाल्या. पडदे धुतले, आणि वाळल्यावर उलटे लावले. बघायला कोणी नाही म्हणून तसेच राहू दिले आहेत.

तब्येत ठीक. काळजी करू नकोस, म्हणजे करत असलीस तर.

आई


१२ मार्च

ठमे,

मशीनला काही झालेलं नाही. ते ठणठणीत आहे. मशीनवरून मला काढलं आहे.

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईस्तोवर मला स्वतःची लाज वाटायला लागली. तुला कधी खोटं सांगितलं नाही म्हणून पहिल्या पत्रात छाती फुगवली आणि तिसऱ्या पत्रात थाप मारली. म्हणून आता सगळं सांगते, बस आणि वाच.

आम्ही सगळे छातीवर एक बॅज लावतो, तुला आठवत असेल. तू एकदा तो काढून बाहुलीला लावला होतास आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं. अंगावर किती किरणं पडली ते त्यात साठतं. दर तीन महिन्यांनी बॅज तपासायला पाठवतात आणि आकडा येतो. इतक्या वर्षांत माझा आकडा कायम नसल्यासारखाच. या वेळी मात्र तो एवढा आला की वरून चौकशी लागली आणि ती संपेपर्यंत मला त्या खोलीत जायची बंदी आहे. घाबरू नकोस, मी आजारी पडावं इतका तो नाही. पण पडद्याआड उभं राहणाऱ्या माणसाचाही तो नाही.

कारण मला माहीत आहे. मी धरते.

ते सेल गिळलेलं पोर मी धरलं. त्याच्या आधी वृद्धाश्रमातून आलेल्या एका आजींना धरलं. त्यांना आणणारा ड्रायव्हर त्यांना ठेवून चहाला निघून गेला होता. त्याच्या आधी एक शिंपीकाका, खुब्याचं हाड मोडलेलं, सोबत कोणी नाही. सोबत कोण आहे विचारलं तेव्हा त्यांनी आधी मागे वळून बघितलं, जणू कोणी आलेलं असेल. अशांना वाळूच्या पिशव्या लावतात, पट्टा लावतात. पण वेदनेने थरथरणाऱ्या माणसाला पिशवीचा काय आधार? मी एप्रन घालायची आणि धरायची. घाईत कधी एप्रनही नाही. मिशीवाले आधी कुरकुरायचे, मग त्यांनी कुरकुरणं सोडलं. हे सगळं तू बोलणं टाकल्यापासूनचं आहे. त्याआधी मी असं केल्याचं मला आठवत नाही.

काल मिशीवाले घरी आले. सोफ्याच्या अगदी कडेला बसले आणि म्हणाले, "ताई, यात काय एवढं? सांगायचं, बॅज एप्रनवर राहिला. मागे आपला तो उंच्या, त्याचं काय झालं होतं? बॅज एप्रनला अडकवलेला, एप्रन खोलीतल्या स्टँडवर. बॅज महिनाभर आतच. आकडा हा एवढा आलेला. लिहून दिलं, मिटलं. चौकशीवाले पण हेच धरून चालतात."

खरं आहे ते. आमच्या धंद्यात ही चूक इतक्यांदा होते की तिच्यावर कोणी भुवईसुद्धा उचलत नाही. मी ते एक वाक्य बोलले की सोमवारी पुन्हा मशीनवर. नाही बोलले तर निवृत्तीपर्यंत त्या खोलीचं दार मला बंद. मला दुसरं काही येत नाही, ठमे. ती खोली सोडली तर मला बोलावणारी एकही जागा या गावात नाही.

मिशीवाले म्हणाले, "कोणाचं नुकसान आहे त्यात, सांगा बघू?"

मी म्हटलं विचार करते. तेव्हापासून तोच करते आहे. त्यांना मी सांगू शकले नाही, तुला सांगते. जो माणूस आज आपली खोली वाचवायला बॅज एप्रनवर होता म्हणतो, त्याने तेव्हा आपण नऊ महिने नोंदणीच्या टेबलावर बसलो होतो असं सांगितलं तर ते कोणी का मानावं? तुला कधी कळणारही नाही की मी काय सांगितलं. पण मला कळेल, आणि मग पुढचं पत्र तुला कोणत्या तोंडाने लिहू?

आई


२१ मार्च

ठमे,

झाली चौकशी.

तपासणीच्या बाई तुझ्याहून फार मोठ्या नसतील. नीट विंचरलेले केस, बोलणं स्वच्छ. मला वाटलं होतं खडूस असतील, तर त्यांनी मला आधी पाणी दिलं. मग मी काही बोलायच्या आत त्यांनीच वाट मोकळी करून दिली, "बॅज एप्रनवर राहिला होता का, ताई? पुष्कळांचा राहतो."

"नाही. माझ्या अंगावरच होता. मी पेशंट धरत होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही? नव्या लोकांना तुम्हीच शिकवता ना, की आपण धरायचं नाही?"

"हो. मीच शिकवते."

"मग?"

मी शिंपीकाकांचं सांगितलं, आजींचं सांगितलं, त्या पोराचं सांगितलं. एकटी आलेली माणसं, धरायला कोणी नाही, मी काय करणार? सांगताना मला माझीच बाजू भक्कम वाटायला लागली होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाहेर बाकावर माणसं नव्हती?"

होती. बाक नेहमीच भरलेला असतो. कोणाचा हात मोडलेला, पण सोबत आलेला भाऊ धडधाकट. कोणाची आई, कोणाचा शेजारी. 'अहो, या आजोबांना दोन मिनिटं धराल का' म्हटलं असतं तर त्यातला एक तरी उठला असता. एप्रन त्याच्या अंगावर चढवला असता, त्याने एकदा धरलं असतं आणि तो घरी गेला असता. हे मला सुचलं नाही असं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

"मला धरायचं होतं," मी म्हटलं. "घरी कोणी नाही. दिवसभरात माझ्या हाताला तेवढाच माणसाचा हात लागायचा."

बोलून गेले, आणि मग मला इतकं रडू आलं की विचारू नकोस. परक्या बाईसमोर, कचेरीत, नाक लाल. बाईंनी पाण्याचा पेला पुन्हा माझ्याकडे सरकवला. शेवटी त्या म्हणाल्या, "स्विच कोण दाबायचं?"

इथे मात्र माझ्या तोंडाला कुलूप लागलं. माझं खरं सांगायचा मला हक्क होता, दुसऱ्याचं कसं सांगू? तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी दाबायचो." मिशीवाले. बाहेर बसून सगळं ऐकत होते. आत आले, माझ्याकडे बघितलंही नाही. "त्या धरायच्या, मी दाबायचो. पहिल्यांदा नाही म्हटलं, मग नाही म्हणणं सोडलं. लिहा."

त्यांना ताकीद मिळाली. मला निवृत्तीपर्यंत नोंदणीचं टेबल. बाई जाताना म्हणाल्या, "मी तुम्हाला शिक्षा म्हणून काढत नाहीये. तुम्ही आत राहिलात तर परत धराल." मी परत धरलंच असतं.

जिन्यात मिशीवाले माझ्यावर असे भडकले. "एक वाक्य बोलायला काय जात होतं तुमचं? हौस फार खरं बोलायची! आता मी कोणाशी भांडत काम करू तिथे?" मग खिशातून रुमाल काढून मला दिला. तो इतका कळकट होता की डोळे पुसायचं धाडस झालं नाही, नुसता हातात धरून बसले.

आई


१८ एप्रिल

ठमे,

तर मी पुन्हा नोंदणीच्या टेबलावर आहे. ती इमारत आता नाही, पण टेबल दाराच्या तसंच डाव्या हाताला आहे आणि लाल दिवा तसाच लागतो. फरक एवढाच, की तेव्हा टेबलाखाली तू लाथा मारायचीस. बसल्या बसल्या पेन उडून पडायचं आणि रांगेतली माणसं हसायची. आता पेन जिथे ठेवते तिथेच असतं.

इथे बसून एक गोष्ट आठवली, ती पहिल्या पत्रात मी गाळली होती. शंका आली त्या दिवसापासून मी खोलीत गेले नाही हे खरं. पण शंका यायच्या आधीचे काही आठवडे मी आत काम करत होते, पडद्याआड उभी राहून, सगळे करतात तसं. तेव्हा तू आहेस हे मला कुठे माहीत होतं? पडद्याआड जे पोचतं ते नसल्यातच जमा, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन. तुझी बाळं त्यामुळे गेली नाहीत, हेही मी सांगेन, आणि तुझ्या डॉक्टरांना विचारलंस तर तेही सांगतील. आई म्हणून विचारशील तर मात्र कधी पहाटे जाग येते आणि पोटात गोळा येतो. जे माहीत आहे ते माहीत आहे, पण पोटातला गोळा ते ऐकत नाही. तुझ्याही पोटात तोच येत असणार. म्हणून तू जे बोललीस त्याचा मला आता तेवढा राग नाही. आधी होता, फार होता.

कामाचं म्हणशील तर बरं चाललंय. एकटं माणूस आलं की मी बाकाकडे बघून हाक मारते, "यांच्यासोबत कोणी नाही. कोण धरेल?" पहिल्या दिवशी मला वाटलं सगळे खाली बघतील. तर एक पोलीस उठला, एक भाजीवाली उठली, दोघांची कोण आधी यावरून बाचाबाची झाली. भाजीवाली जिंकली. फोटो झाल्यावर ती त्या आजींना रिक्षात बसवून आली आणि मग तिच्या लक्षात आलं की स्वतःचा नंबर गेला. मी तिला परत नंबर लावून दिला.

सगळं नियमाने चाललंय आणि कोणाच्या अंगावर जास्तीचं काही पडत नाही. मी दाराबाहेर बसते. हात लागायचा तो कागद देता घेता. एवढ्या माणसांमध्ये बसूनही मला असं एकटं पूर्वी कधी वाटलं नव्हतं, ते लिहून टाकते, कारण दुसरं कोणाला सांगू? मला तुझी फार आठवण येते. तू रागावलेली असलीस तरी चालेल, समोर ये आणि रागाव.

बायकांना मी विचारते, "दिवस गेलेत का?" कोणी लाजतात, कोणी चिडतात. एखादी गप्प होते आणि डोळे भरून येतात. तेव्हा मी पुढचं काही विचारत नाही. तिला जरा बसू देते.

आई


९ मे, फोनवरून

ठमे, तुझा निरोप आला तेव्हा समोर रांग होती. मी उठून मिशीवाल्यांना टेबलावर बसवलं आणि पायरीवर येऊन बसले. तो मी इतक्या वेळा वाचला आहे की आता न बघता म्हणून दाखवेन. "आई, तिसरा महिना लागलाय. कोणाला सांगितलं नाही अजून. दाढ सुजलीये, ताप येतोय, दातांचे डॉक्टर एक्स-रे काढायचा म्हणतायत. काढू का? खरं सांग."

आधी मी 'नको' लिहिलं. मग पुसलं. 'नको' म्हणणं मला किती सोपं होतं! पुढे काही झालं असतं तरी माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं.

खरं सांगते. काढ. दाढेचा फोटो जबड्याचा असतो, किरणं तेवढ्यावरच टाकतात, आणि तुझ्या पोटापर्यंत जे पोचेल ते मोजायच्या लायकीचंही नसतं. जबड्यात पू साठून ताप अंगात पसरला तर त्यात तुलाही धोका आणि बाळालाही. दातांच्या डॉक्टरांना आधी सांग की तिसरा महिना आहे. तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही फोन करून विचार, माझ्या एकटीच्या शब्दावर जाऊ नकोस. एप्रन दिला तर घाल, जड असतो पण मनाला बरं वाटतं. फोटो काढताना अजिबात हलू नकोस, म्हणजे परत काढावा लागणार नाही. फोटो दुखत नाही. दाढ काढली तर दुखेल, मग थांबेल.

आणि आणखी एक, ते आत्ताच लिहून ठेवते. हे बाळ राहील की नाही ते मला माहीत नाही. राहावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला आहे. पण नाही राहिलं, तर ते या फोटोमुळे नसेल. हे मी आज सांगते आहे आणि तेव्हाही हेच सांगेन. तेव्हा तू मला पुन्हा खोलीबाहेर काढलंस तरी.

संध्याकाळच्या गाडीने निघते आहे. येऊ नकोस म्हणायचं असेल तर गाडी सुटायच्या आत म्हण, नंतर मी फोन बघणार नाही. जावईबापूंना आता तरी जागं कर आणि सांग. मी आत येणार नाही, काही बोलणारही नाही, बाहेर बाकावर बसून राहीन. उद्या तिथे तुला विचारतील, सोबत कोण आहे? मागे वळून बघू नकोस. बाहेर आई बसली आहे म्हण.